पेटीतली आणि कमरेवरची

नायक : …आणि पोस्टरवर माझी फक्त हनुवटी आहे, वहिनी. तीही अर्धी.

वहिनी : तिथे बसू नका, भाऊजी. हात ओले आहेत.

नायक : माझे?

वहिनी : खुर्चीवरचे. कापलेले हात आहेत ते, सकाळीच ओतलेत. तुम्ही त्या दगडावर बसा.

नायक : टोचेल.

वहिनी : रबराचा आहे. मागच्या सिनेमात तुमच्या डोक्यात पडला तोच.

नायक : हा होय? काय सुंदर चिरडलो होतो मी ह्याच्याखाली! पण कोणी शब्दानं बोललं नाही. उलट एक काका थिएटरबाहेर माझा हात हातात घेऊन म्हणाले, दरड कोसळली तेव्हा काळजाचं पाणी झालं हो आमच्या, वाटलं, तुमच्या रिव्हॉल्व्हरला काही झालं की काय.

वहिनी : तुम्ही हनुवटीवर होता.

नायक : हां. तर उरलेल्या पोस्टरभर ती आहे.

वहिनी : थोरली?

नायक : थोरली कोण?

वहिनी : अहो, तीच. ह्या घरात तिला मी थोरली म्हणते. मी लग्न होऊन आले तेव्हा ती आधीच येऊन बसली होती. मखमलीच्या पेटीत, पाय पसरून. म्हणून ती थोरली, मी धाकटी.

नायक : एक जुनाट लष्करी रिव्हॉल्व्हर, वहिनी! कुठल्या तरी मोडीत निघालेल्या पलटणीचं. नळी आतून बुजवलेली, गोळी म्हणून सुटत नाही. सगळे ढाण-ढाण आवाज मागून भरतात. मी निदान माझे संवाद स्वतः बोलतो!

वहिनी : ते कमी झालेत म्हणे ह्या तिसऱ्या सिनेमात.

नायक : कोण म्हणालं?

वहिनी : हे म्हणत होते. पहिल्यात तुम्ही बोलायचात आणि ती गप्प असायची. आता ती बोलते आणि तुम्ही तिच्याकडे बघता.

नायक : मास्तर असं म्हणाले? आमच्या सेटवरची शस्त्रं सांभाळणारा माणूस?

वहिनी : कौतुकानं म्हणाले. तिच्या.

नायक : मी पहिल्या दिवशीच हात जोडून सांगितलं होतं, मला नवं पिस्तूल द्या. काळं, चपटं, आजच्या माणसाला शोभेल असं. तर दिग्दर्शक म्हणतो, नव्या पिस्तुलाला इतिहास नसतो, फक्त पावती असते. म्हणे साहसी सिनेमाच्या नायकाला मिशी नसली तरी चालेल, आई-बाप नसले तर उत्तमच, पण कमरेला जुन्या फौजेचं रिव्हॉल्व्हर पाहिजे. त्याचं चाक फिरताना दिसतं, लोक सहापर्यंत मोजतात, सातव्याला श्वास रोखतात. आणि ते नेहमी आजोबांचं असतं. वहिनी, माझे खरे आजोबा छत्र्या दुरुस्त करायचे. त्यांची आठवण म्हणून मी कमरेला छत्री खोचली तर कोण तिकीट काढील?

वहिनी : पावसाळ्यात काढतील.

नायक : हसा. तुम्ही पण हसा. परवा दुकानात एक मुलगा वही घेऊन धावत आला. मी पेन उघडलं. तर म्हणतो, सही नको, फक्त त्या रिव्हॉल्व्हरचं चित्र काढून द्या.

वहिनी : मग?

नायक : काढलं. म्हणाला, नळी आखूड झाली.

वहिनी : तुमच्या मातोश्री काय म्हणतात?

नायक : आईला पहिल्या खेळाला नेलं. बाहेर आल्यावर म्हणाली, किती छान चमकत होती रे, नीट ठेवतात वाटतं तिला. मी म्हटलं, आणि मी? तर म्हणते, तू होतासच की.

वहिनी : अगंबाई.

नायक : आणि पेपरातल्या त्या समीक्षकानं लिहिलं, दोघांपैकी रिव्हॉल्व्हरच्या चेहऱ्यावर जास्त भाव दिसतात.

वहिनी : पण चालण्याबद्दल चांगलं लिहिलं होतं की. वाचलं मी. साच्याखाली तोच पेपर होता.

नायक : तेवढं एक! तेवढं एकच राहिलंय माझं. पाठ आहे मला. "उजव्या अंगाला किंचित झुकलेली, जन्माचं ओझं वाहणारी ती चाल." ती माझी आहे. तिथे तिचा काही संबंध नाही, तिला पायच नाहीत. दर रविवारी मी त्या चालीवर शिबिर घेतो. मुलं येतात, मुली येतात, सगळे उजवीकडे झुकून निघतात. गेल्या वेळी दारातून बाहेर पडताना सगळे चौकटीवर आपटले.

वहिनी : बरं, माझ्याकडे काय काम काढलंत? हे घरी नाहीत. उद्याच्या जागेची पाहणी करायला खाणीवर गेलेत.

नायक : माहीत आहे. म्हणून तर आलो. तालीम संपली तसाच उठलो, पट्टासुद्धा सोडला नाही. वहिनी, तुमच्याशिवाय मला दुसरं कोणी नाही.

वहिनी : हा संवाद दुसऱ्या सिनेमातला आहे.

नायक : सवय. ऐका. उद्या शेवटचा शॉट. मी कड्यावर उभा. खाली खाणीचं तळं. त्या तळ्याचा तळ अजून कुणाला लागलेला नाही. मी कमरेची काढतो, एकदा बघतो, आणि फेकून देतो. खलास.

वहिनी : हे कुणी लिहिलं?

नायक : मी लिहायला लावलं. दिग्दर्शकाला म्हटलं, नायकानं शेवटी हिंसेचा त्याग केला पाहिजे. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

वहिनी : आणि तुमच्या पोटात?

नायक : माझ्या पोटात दुसरंच आहे. चौथ्या सिनेमात मी असेन, ती नसेल. पोस्टरवर पूर्ण हनुवटी. जमलं तर कपाळही. पण अडचण अशी, की फेकायची असणार रबराची. ही, माझ्या कमरेवरची, तुमची. आणि खरी तुमच्या त्या पेटीत मखमलीवर लोळत राहणार. चौथ्या सिनेमात कोणाला तरी मासेमारी करताना ती सापडली असं दाखवतील, की आली परत! मी ओळखतो सगळ्यांना, ते नक्की असंच करतील.

वहिनी : म्हणजे तुम्हाला खरी फेकायचीय.

नायक : मला एवढंच हवंय, की सकाळी मास्तर दाढी करत असताना तुम्ही ह्या पट्ट्यातली रबराची काढायची आणि पेटीतली खरी घालायची. कड्यावरून पाण्यात पडताना दोन्ही सारख्याच दिसतात. मास्तरांना कळेपर्यंत ती तळाला. वहिनी, तुम्हाला माझं दुःख नाही कळायचं…

वहिनी : मला नाही कळायचं?

नायक : नाही म्हणजे—

वहिनी : भाऊजी, तुमचं पोस्टर गेलं. माझा संसार गेला. तुम्ही तिला दिवसभर कमरेला वागवता आणि पगार घेऊन घरी जाता. माझ्याकडे ती मुक्कामाला आहे! रोज संध्याकाळी हे हात धुणार, पेटी उघडणार, तिला मांडीवर घेणार. पिवळं मऊ फडकं तिचं. एकदा फडकं संपलं म्हणून मी माझा जुना ब्लाउज दिला, तर बोटांनी चाचपून म्हणतात, खरखरीत आहे, तिला चरे पडतील. तो ब्लाउज मी वर्षानुवर्षं अंगावर घातला होता!

नायक : मास्तर थोडे—

वहिनी : बाहेरगावी शूटिंगला निघालो की गाडीत पुढच्या सीटवर ती. पट्टा बांधून. मी मागे, साच्यांच्या गोणपाटात. एकदा वळणावर मी पडले. तर हे मागे वळून विचारतात, पेटी सरकली का?

नायक : सेटवर तर विचारू नका. जवळून चित्र घ्यायचं असलं की मास्तर माझा पट्टा मागून घेतात, पाठ फिरवतात, रबराची काढून खरी घालतात, मग परत देतात. माझ्यासमोर बदलत नाहीत. जशी काही ती कपडेच बदलतेय.

वहिनी : माझ्या हातांना कायम रबराचा वास. साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही. कधी म्हणाले नाहीत, की दाखव गं हात, उललेत का. तिला मात्र तेल. आणि आता तर तेलही बंद झालं. आता पावडर.

नायक : पावडर?

वहिनी : टाल्कम पावडर. लहान बाळाची, गुलाबी डब्यातली. मऊ कापसानं टिपून टिपून लावतात. मी तापानं फणफणले होते तेव्हा माझ्या कपाळावरची पट्टी माझी मी बदलली, आणि हे तिकडे तिच्या मुठीला पावडर लावत होते.

नायक : मग झालं तर! आपलं दोघांचं दुखणं एकच आहे, वहिनी. उद्या सकाळी दोन मिनिटांचं काम. घाला तिला पट्ट्यात.

वहिनी : घालू म्हणता?

नायक : काय झालं? भीती वाटते?

वहिनी : भीती नाही. हसू येतंय, पण कुठून काढू कळत नाही. भाऊजी, मला काही करायची गरजच नाही. तुमच्या मुठीखाली कडी आहे ती हलवून बघा.

नायक : कुठली कडी?

वहिनी : रिव्हॉल्व्हरच्या मुठीच्या तळाला. घोड्यावरचा शिपाई तिला दोरी बांधायचा, हातातून सुटलं तर लोंबकळत राहावं म्हणून. हलवा.

नायक : हलवली. वाजते.

वहिनी : रबराची कडी वाजत नाही. ती साच्यातून अखंड निघते, मुठीला चिकटलेली. वाजते ती लोखंडाची.

नायक : म्हणजे?

वहिनी : म्हणजे तुमच्या कमरेला खरी आहे.

नायक : आज चुकून?

वहिनी : दुसऱ्या सिनेमाच्या पहिल्या दिवसापासून.

नायक : थांबा. थांबा हं. हा किण्-किण् आवाज मी दोन सिनेमे ऐकतोय. मला वाटायचं, माझा गुडघा वाजतो! मी डॉक्टरला दाखवला! त्यानं त्याला पट्टी बांधली!

वहिनी : वाजायचा थांबला?

नायक : तो म्हणाला, घरी गेल्यावर वाजत नाही ना, मग हे मानसिक आहे. वहिनी, हे तुम्ही केलंत?

वहिनी : केलं. सांगते. ह्यांचा वाढदिवस होता. मी दुपारपासून चुलीशी. हाक मारली, जेवायला या. तर हे तिला दिव्याखाली धरून म्हणतात कसे, काहीही म्हण, हिच्यासारखी दुसरी होणे नाही. माझ्यासमोर! मी कोण? मी काय करते? माझा धंदाच दुसरी करायचा आहे! लोक माझ्याकडे एक हात घेऊन येतात आणि डझनभर घेऊन जातात. तोवर पळायच्या शॉटला तुम्हाला लाकडाची देत होते. मी म्हटलं, ठीक आहे, मी रबराची करून देते. साचा घेतला, ओतली, रंग चढवला, जिथे झिजलीय तिथे झिजवली, जिथे काळवंडलीय तिथे काळवंडवली. आणि एक दिवस रबराची पेटीत ठेवली आणि खरी तुमच्या पट्ट्यात कोंबली. म्हटलं, उद्या ओळखतील, आरडाओरडा करतील, मग मलाही बोलायला तोंड मिळेल. मुद्दे काढून ठेवले होते मी. क्रमानं.

नायक : मग?

वहिनी : ओळखलंच नाही! दोन सिनेमे झाले, मी भांडणाची तयारी करून बसलेय. सगळे मुद्दे शिळे झाले. आणि हे तिकडे रबराला मांडीवर घेऊन बसतात. म्हणजे बघा कशी गंमत, आधी मी लोखंडावर जळत होते. आता माझ्याच हातच्या कामावर जळते. सवत आणायचीच होती तर निदान मी घडवलेली तरी आणू नये की नाही!

नायक : थांबा. मघापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात घुमतेय. खरीचं वजन किती?

वहिनी : किलोला चांगलंच वर. रबराची त्याच्या पावपटही नसेल.

नायक : आणि मी ती कुठल्या अंगाला लावतो?

वहिनी : उजव्या. …अय्या.

नायक : बोलू नका.

वहिनी : भाऊजी, पट्टा सोडा आणि जरा चालून दाखवा.

नायक : नको.

वहिनी : त्या खिडकीपर्यंत. हं. आता परत या.

नायक : कसा दिसतोय?

वहिनी : सरळ.

नायक : जन्माचं ओझं?

वहिनी : काही नाही. पोस्टमन वाटताय. तोही बटवडा संपवून घरी निघालेला.

नायक : मी मुलाखतीत सांगितलंय वहिनी, की ती चाल माझ्या बालपणीच्या दुःखातून आली! आईनं वाचून फोन केला होता, कुठलं रे दुःख? मी म्हटलं, आई, तुला नाही कळायचं ते. ती दोन दिवस जेवली नाही! आणि शिबिर? रविवारी मी काय शिकवू, कमरेला किलोभर बटाटे बांधा?

वहिनी : जाऊ द्या हो. उद्या फेकून मोकळे व्हा. तुमच्या मनासारखं आयतंच होतंय. कमरेवरचीच तर फेकायचीय.

नायक : वेडबिड लागलंय का? ही मी फेकू? ही माझी चाल आहे!

वहिनी : आत्ता म्हणत होतात, तिला पाय नाहीत!

नायक : माझे तिच्याकडे आहेत! द्या तो पट्टा इकडे.

वहिनी : नाही देत. भाऊजी, शब्द फिरवू नका. तिला तळ्यात घाला, मी तुम्हाला शिशाचे पट्टे ओतून देते, पायजम्यात शिवून देते, दोन्ही अंगांना झुका.

नायक : शिशाला तो तोल येणार नाही! वहिनी, ओढू नका, शिवण उसवेल—

वहिनी : सोडा. जिना वाजला. हे आले.

नायक : मास्तर? मी इथे काय सांगू? मी कुठे जाऊ?

वहिनी : टेबलाखाली. हातांना धक्का लावू नका.

(मास्तर येतात. चप्पल काढतात, हात धुतात, फळीवरची पेटी उतरवून टेबलावर ठेवतात.)

मास्तर : साहेब, पाय आत घ्या, नाहीतर पूर्ण बाहेर या. अधेमधे माणूस अवघडतो.

नायक : नमस्कार मास्तर. मी… एक बोट पडलं होतं खाली. रबराचं. तेच शोधत होतो.

मास्तर : सापडलं?

नायक : अंगठा सापडला.

मास्तर : तोही लागतोच. बसा. तळं बघून आलो. खोल आहे. खडा टाकला, मग बुडबुड्यांची वाट बघत बसलो. फेकलेली वस्तू काही परत यायची नाही.

वहिनी : मग उद्या कुठली फेकायची?

मास्तर : ठरलंय ना. साहेबांच्या कमरेवरची.

वहिनी : कमरेवरची.

मास्तर : हं.

वहिनी : नक्की?

मास्तर : तुझ्या मनात काय आहे?

वहिनी : माझ्या मनाचं काय विचारता आज? माझ्या मनात तीच आहे. कमरेवरची. फेका.

मास्तर : बरं.

वहिनी : बरं काय बरं!

नायक : नाही, मास्तर, मी विचार बदललाय. हिंसेचा त्याग फार घाईचा होतो. नायक बदलायला वेळ लागतो. मी रबराची फेकतो. कमरेवरची नको, ती पेटीतली—

वहिनी : गप्प बसा हो!

मास्तर : पेटीतली देणार नाही.

वहिनी : ऐकलंत? ऐकलंत भाऊजी? साक्षीदार आहात तुम्ही! पेटीतली देणार नाही! एवढ्या वर्षांत मी बाजारात जाते म्हटलं तर कधी म्हणाले नाहीत, की जाऊ नकोस. आणि पेटीतली देणार नाही! उद्या घराला आग लागली तर हे पेटी घेऊन पळतील आणि मला खिडकीतून विचारतील, किल्ली कुठेय!

मास्तर : पेटीला किल्ली नाही.

वहिनी : अहो, त्या पेटीत काय आहे ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला? रबर आहे, रबर! मी ओतलेलं! तुमची लाडकी दोन सिनेमे ह्यांच्या कमरेला धक्के खातेय, दरडीखाली सापडलीय, नदीत भिजलीय, आणि तुम्ही इथे बसून रबराला पावडर लावताय!

मास्तर : रबराला पावडरच लावतात.

वहिनी : काय म्हणालात?

मास्तर : तेल लावलं की रबर फुगतं. मग चिकट होतं, मग भेगा पडतात. तूच सांगितलं होतंस. लग्नानंतर मी तुझ्या पहिल्याच कापलेल्या हाताला तेल चोळून ठेवलं होतं, सकाळी त्याची बोटं पपईएवढी झाली होती. तेव्हा.

वहिनी : तुम्हाला माहीत होतं?

मास्तर : पेटी उचलली आणि कळलं.

वहिनी : कधी?

मास्तर : तू ठेवलीस त्याच संध्याकाळी. हलकी लागली. मग दुसऱ्या दिवशी साहेबांची कडी वाजताना ऐकली.

नायक : मला सांगायचं ना! मी गुडघ्याला पट्टी बांधून फिरत होतो!

मास्तर : चाल चांगली पडत होती, साहेब. दिग्दर्शक खूश होता. म्हटलं, कशाला हात लावा.

नायक : पण तुम्ही जवळच्या शॉटला पट्टा घ्यायचात, पाठ फिरवून बदलायचात—

मास्तर : बदलत काही नव्हतो. पुसून परत देत होतो. चिखल असायचा.

नायक : म्हणजे दोन सिनेमे… सगळे शॉट… मी आणि ती… एकत्रच?

मास्तर : हं.

नायक : मी निघू का?

मास्तर : निघा. पण पट्टा बांधून जा. तसेच बाहेर पडलात तर कोणी ओळखणार नाही.

नायक : वहिनी, द्या. …आभारी आहे. बघा हं, आता? खिडकीपर्यंत?

वहिनी : आलं. जन्माचं ओझं आलं.

नायक : किलोला चांगलंच वर म्हणालात ना? तरीच. बरंय मास्तर. उद्याचं बघा काही तरी. मी काय, कड्यावर वेळेवर पोचेन.

मास्तर : सांभाळून उतरा. उजवीकडे भिंत आहे.

नायक : आई गं. …काही नाही, लागलं नाही. लागलं नाही!

वहिनी : गेले.

मास्तर : हं.

वहिनी : मला का नाही सांगितलंत?

मास्तर : तू ठेवलीस म्हणजे तुला काही तरी म्हणायचं असेल. म्हटलं, म्हणेल. वाट बघितली.

वहिनी : मी वाट बघत होते, तुम्ही ओळखाल म्हणून.

मास्तर : मी ओळखून वाट बघत होतो.

वहिनी : दोन सिनेमे!

मास्तर : तू काही बोललीच नाहीस. मग म्हटलं, निदान रबर खराब होऊ नये.

वहिनी : आणि खरी? ती बिचारी पाण्यात, चिखलात, दगडांत. जीव तुटला नाही तुमचा?

मास्तर : पहिल्यांदा तुटला. दरडीच्या वेळी जास्त. पण ती फौजेतली आहे. तिला कोणी मखमलीवर ठेवायला बनवलं नव्हतं. कमरेला खूश आहे ती. कडी वाजवत असते.

वहिनी : मग रोज संध्याकाळी हिला मांडीवर घेऊन काय बघता इतकं? रबरात काय आहे?

मास्तर : इकडे ये. हे बघ. चापाभोवतीच्या कमानीवर, खालून. केसाएवढी चीर आहे.

वहिनी : आहे. खरीवर आहे तशीच केलीय मी. मुद्दाम.

मास्तर : खरीवर आहे, हे मला माहीत नव्हतं.

वहिनी : काहीतरीच. तुम्ही तर जन्मभर पुसताय तिला.

मास्तर : पुसत होतो. चीर दिसली नव्हती. तुझ्या हिच्यावर दिसली, वाटलं, तुझी चूक झाली. दुसऱ्या दिवशी सेटवर पट्टा मागून घेतला, पाठ फिरवली, चष्मा लावून शोधलं. होती. मुठीवरचा तो नखाएवढा डाग, तोही तसाच. चाकाच्या एका घराची कड बोथट आहे, तीही. म्हटलं, बाई किती वेळ बघत बसली असेल हिच्याकडे.

वहिनी : रागानं बघत होते.

मास्तर : कसं का होईना. मी एवढं कधी बघितलं नव्हतं. तिच्याकडे नाही, आणि…

वहिनी : आणि?

मास्तर : हात उललेत का तुझे?

वहिनी : हे आज सुचलं! जिन्यातून ऐकत होतात का?

मास्तर : साहेबांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत येतो. तुझा त्याहून खाली.

वहिनी : हे असं. …एवढे काही नाही उलले. रबरानं होतं तसं. वास मात्र जात नाही.

मास्तर : पेटी उघडली की तोच येतो.

वहिनी : (स्वतःचे हात हुंगून बघते.)

मास्तर : उद्यासाठी एक ओतशील? साधी चालेल. लांबूनच दिसायचीय.

वहिनी : साधी मला येत नाही. आणि उद्यापर्यंत रंग धरणार नाही.

मास्तर : मग ओल्या रंगाची फेकू. साहेबांचे हात काळे झाले तर म्हणू, त्यागाचा डाग.

वहिनी : हसवू नका. मी अजून रागावलेय. माझे सगळे मुद्दे बाकी आहेत.

मास्तर : म्हण ना. मी इथेच आहे. पावडर लावतो तोवर.

वहिनी : अहो, अशी थापू नका. आणा इकडे तो कापूस. चापाच्या मागे लावायची रोज राहते तुमची.